चुलीची आण

११ मे २०२५

बारकू,

पाकिटावर तुझं ते लांबलचक नाव लिहिलं आहे, कारण धसईच्या पोस्टातला अनिल म्हणाला, "बाय, नुसतं बारकू लिवलंस तं शहापूरच्या आश्रमात कोन वळखील?" म्हणून पाकिटावर स्वामी अलिप्तानंद. आत तू बारकूच. तुझं शेंबडं नाक मी माझ्या परकराने पुसलेलं आहे, तेव्हा या वयात मला तुझा दरारा वाटायचा नाही.

आधी फोन करून पाहिला. चारदा केला. चारही वेळा तुझा तो मुकेशच बोलला, "महाराज साधनेत आहेत." अठ्ठावीस वर्षं झाली तुला घर सोडून. बहिणीशी फोनवर दोन मिनिटं बोलल्याने साधना नासत असेल तर ती फारच नाजूक म्हणायची.

काल तोच मुकेश पांढरी गाडी घेऊन दारात आला. बरोबर टेप धरणारा एक आणि फोटो काढणारा एक. चपला बाहेर काढल्या, तेवढं खरं सांगते. सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि चूल मोजायला लागले. माझी चूल! लांबी, रुंदी, भिंतीपासूनचं अंतर. मी भाकरी थापत होते, हात तसाच परातीत राहिला. मुकेश म्हणाला, तुझ्या चरित्राच्या पुस्तकात छापलंय की तू याच चुलीशी जन्मलास आणि त्या घडीला सगळं घर उजळून निघालं. म्हणून आता इथे जन्मस्थान होणार. चुलीभोवती काच, खाली संगमरवर, पुढे स्टीलचा कठडा. गुरुपौर्णिमेला तू पन्नाशीचा होतोस, त्याच दिवशी उद्घाटन.

"आन मी भाकरी कुठं भाजू?" मी विचारलं.

"ताई, तुमची सोय आश्रमात केलीय. स्वतंत्र खोली, गीझर आहे. इथं आता विस्तव पेटवायचा नाही, फक्त समई."

चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटत होतं. फोटोवाल्याने नाकाला रुमाल लावला. मी झाकण काढून बाजूला ठेवलं, म्हटलं चांगला पोटभर वास घे.

पण खरी चीड आली ती पुढच्या गोष्टीची. बुधी दारच्या ओट्यावर बसली होती. आपली बुधी, कातकरीवाडीवरची, आईच्या जोडीने उभा जन्म लावणी-कापणी केलेली. आता तिला धड दिसत नाही, तरी रोज काठी टेकत येते, चहा घेते, माझ्याशी दोन शब्द बोलते. फोटोत ती येत होती म्हणून मुकेशने तिला उठवलं. "आजी, जरा तिकडं सरका, पवित्र वास्तूचा फोटो आहे." ती बिचारी उठून गोठ्याकडे जाऊन उभी राहिली. मी मुकेशला काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं तू सांगितलंस का? मला तुझ्या हातचं उत्तर पाहिजे.

तुझी बाय,
बाईजा


२ जून

बारकू,

पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर आश्रमाचं चित्र, खाली शिक्का. सही तेवढी तुझी. "संसाराच्या चिखलातून आता तरी मुक्त व्हा," असं मला लिहितोस? आणि पुढे, "त्या पवित्र जागेला यापुढे नित्याच्या व्यवहाराचा स्पर्श नको." हे वाक्य मी रुपालीकडून दोनदा वाचून घेतलं. ती आता दवाखान्यात नोकरी करते, रविवारी येते. मला वाटलं माझा चष्माच चुकतोय. चष्मा बरोबर होता.

घर तुझ्या नावावर आहे, याची आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी चोविसाव्या वर्षी विधवा होऊन, कडेवर रुपालीला घेऊन परत आले, तेव्हा बाबांनी मला आसरा दिला, पण कागदावर नाव मुलाचंच राहिलं. तू म्हणालास तर मुकेश मला उद्या बाहेर काढू शकतो, हे मला कळतं. कळूनही लिहिते आहे.

नित्याचा व्यवहार म्हणजे काय ते ऐक. पहाटे उठून राख बाजूला करते आणि कालचा निखारा फुंकते. आईचीच सवय. जेवणं झाली की ती निखारे राखेखाली झाकायची आणि लेकराला सांगावं तसं सांगायची, "नीज आता, सकाळी उठवीन." काडेपेटी मला महिनोन् महिने लागत नाही. पहिल्या भाकरीचा तुकडा विस्तवात, दुसरा दारच्या कुत्रीला. शनिवारी सारवण. चुलीला पाय लागला तर आजही मी घाबरून हात लावते आणि डोळ्यांना लावते. कुणी शिकवलं नाही, मंत्र नाही, दक्षिणा नाही. तुझ्या आश्रमात याहून वेगळं काय चालतं ते मला सांग. फुलं जास्त असतील.

आईची शेवटची तीन वर्षं तू पाहिली नाहीस. सगळं अंथरुणातच. या चुलीवर पाणी तापवून मी तिला रोज पुसून काढायचे, पाठीवरच्या जखमा धुवायचे, खालचं काढायचे. पहिले काही महिने मला किळस यायची, खोटं कशाला बोलू? तोंड फिरवून करायचे. मग एके दिवशी तिच्या टाचा धूत होते, भेगाळलेल्या, चिखलाने कायमच्या काळ्या पडलेल्या, आणि काय झालं कळलं नाही, मी तशाच ओल्या हातांनी तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "काय गो, येडी झालीस काय?" दोघी हसलो. त्या दिवसापासून मला किळस आली नाही आणि त्या दिवसापासून मी कुठल्या देवाकडे काही मागायला गेले नाही. मला वाटलं, आपली भेट झाली.

ती गेली तेव्हा तुला निरोप धाडला होता. संन्याशाला आई नसते असं तुझ्या माणसाने कळवलं आणि तीर्थाची बाटली पाठवली. त्या बाटलीत मी आता खोबरेल ठेवते.

मी आश्रमाच्या खोलीत येणार नाही आणि चूल विझवणार नाही. मोजमाप घेतलंत, ते जपून ठेवा.

बाय


१९ जून

बारकू,

तुझं उत्तर नाही. मुकेशचा मात्र फोन आला, लाद्या निघाल्या म्हणून.

आता एक गोष्ट लिहिते. ती लिहायची की नाही, यात माझे सतरा दिवस गेले. पन्नास वर्षांपूर्वी आईने माझा हात या चुलीच्या कडेवर ठेवला होता आणि आण घातली होती की हे कुणाला सांगायचं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, रुपालीला नाही. आज सकाळी चूल सारवताना मी आईला मोठ्याने बोलून दाखवलं, "आई, मी आज बोलनार हाय, तुला रागवायचं तं रागव." मग हात धुतले आणि लिहायला बसले.

तू या चुलीशी जन्मलेला नाहीस.

तू खालच्या खाचराच्या बांधावर जन्मलास. लावणी चालली होती. आईचे दिवस भरले होते, पण माणसं कमी म्हणून ती वाकून रोपं लावत होती. बाबा वरच्या खाचरात नांगराशी. खाली आई, बुधी आणि मी. मी आठ वर्षांची, रोपांच्या मुठी पोचवत होते. आई एकदम खाली बसली, चिखलातच. बुधीने तिला ओढून बांधावर घेतलं. तेव्हा बुधी विशीची असेल, तिचं स्वतःचं तान्हं आंब्याला बांधलेल्या झोळीत निजलं होतं.

"घरला पळ," बुधी मला म्हणाली. "आजीला काय बोलू नको. चुलीतला इस्तू घेऊन ये, इजवू नको."

मी पळाले. आजी गोठ्यात होती. खापरात निखारे घेतले, वर राख, वर डोक्यावरचं इरलं. भर पावसात बांधाबांधाने आले. दोनदा पडले, पण खापर उताणं होऊ दिलं नाही. माझ्या डाव्या कोपराला डाग आहे, तो तुला गोंदण वाटायचा, तो त्या निखाऱ्याचा. बुधीने गवत कापायचा विळा त्या विस्तवात लाल केला, गार केला आणि तुझी नाळ कापली. मी पाहिलं. तू रडला नाहीस म्हणून तिने तुला उलटं धरून पाठीवर मारलं. मग रडलास. इतका रडलास की बाबा वरून धावत आले. आजी गोठ्यातून आत यायच्या आधी त्यांनी तुम्हा दोघांना घरी आणून चुलीशी निजवलं.

आईला ताप भरला, दूध येईना. चार दिवस आजीची नजर चुकवून तुला बुधीने पाजलं. आपल्या पोरासोबत, एकेका बाजूला एकेक. हे आजीला आणि गावाला कळलं असतं तर काय झालं असतं, ते तुला सांगायला नको. कातकऱ्याच्या बाईचं दूध प्यालेलं पोर कुणी मांडीवर घेतलं नसतं. म्हणून बाबांनी गावभर सांगितलं, घरातच झाला, चुलीशी. तीच गोष्ट तुझ्या पुस्तकात छापून आली. अगदीच खोटी नाही, चुलीतला विस्तव तिथे होता.

आणि आपण काय केलं? बुधीची कपबशी वेगळी ठेवली. गोठ्याच्या कोनाड्यात, उलटी. ती विसळून पालथी घालणारी मीच. चाळीस वर्षं मी तिला त्या कपातून चहा दिला आणि सगळं माहीत असून दिला. आई गेल्यावर तेराव्या दिवशी मी तो कप अंगणात आपटून फोडला. बुधी म्हणाली, "फुटला का गो? चांगला व्हता." मला तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. ठेवलं नाही, लाज वाटली.

आता कळलं, मुकेशने पवित्र वास्तूच्या फोटोतून कुणाला उठवलं ते?

बाय


२९ जून

बारकू,

लाद्या आल्या. अंगणात रचून ठेवल्यात. कामगार गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी येणार, असं मुकेश सांगून गेला आणि तुझ्या सहीचा कागद दाखवून गेला. सही पाहिली. खरी आहे.

म्हणजे माझं पत्र तुला मिळालं नाही, किंवा मिळूनही तू सही केलीस. दोन्हींतलं कुठलं ते मी विचारत नाही.

एक लादी मी मोरीत घातली, कपडे छान निघतात. एक ओट्यावर टाकली, त्यावर बुधी बसते. "गार लागतंय गो ढुंगनाला," म्हणाली, पण उठली नाही.

मुकेशला वाटतं मी गुरुपौर्णिमेला तुझ्या मांडवात येईन, माईक हातात घेईन आणि सगळं बोलून टाकीन. म्हणून तो आता मला ताईऐवजी माई म्हणायला लागलाय. त्याला सांग, मी येणार नाही. बुधीच्या दुधाची गोष्ट तुला घाबरवायला वापरायची असती तर मी ती पन्नास वर्षं पोटात ठेवली नसती.

८ तारखेला आपली लावणी आहे. खालच्या खाचरात. त्याच दिवशी तुझे कामगार चूल काचेत कोंडायला येतील तर घरात त्यांना कुणी भेटणार नाही. कुलूप मी लावत नाही. विस्तव पेटलेला असेल. ज्याला विझवायचा आहे त्याने स्वतःच्या हाताने पाणी ओतावं, आणि तो माणूस तू असावास. मुकेशच्या हातून नको.

नाहीतर खाचरात ये. बुधी असेल.

बाय


१३ जुलै

बारकू,

मंगळवारी तू आलास आणि एक शब्द न बोलता गेलास. म्हणून जे तोंडावर बोलायचं राहिलं ते लिहिते.

धसईहून चालत आलास ना? लांबून भगवं दिसलं तेव्हा मला वाटलं वसुलीला कुणी साधू आलाय. खडावा घालून बांधावरून कोण येतं रे? डावी रुतली ती रुतलीच. कामगार आले नाहीत, तू आलास, हे कळायला मला जरा वेळ लागला. माझ्या हातातल्या मुठी तशाच राहिल्या. मी ओरडले नाही, रडले नाही. फक्त म्हणाले, "बुधी, बारकू आलाय."

"कोन? माजा बारकू?"

माझा म्हणाली ती. तू ऐकलंस. तिने चाचपत तुझ्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला, कोपरापर्यंत चिखलाचा. "केस कुठं गेलं रे तुजं?" चिखल तुझ्या कपाळावरून नाकावर आला. तू पुसला नाहीस. बारकू, अठ्ठावीस वर्षांचा माझा राग त्या न पुसलेल्या चिखलात गेला. सगळा नाही. बराच.

मग तिने तुझ्या हातात रोपांची मूठ दिली. "उभा नको ऱ्हाऊ. आवनी खोळंबलीय." तू भगवं वर खोचून खाचरात उतरलास. तीन ओळी लावल्यास, तिन्ही वाकड्या. मी त्या सरळ केल्या नाहीत. काल पाहून आले, रोपांनी मुळं धरलीत.

दुपारी त्याच बांधावर बसून टाकळ्याची भाजी आणि भाकरी खाल्लीस. बुधीच्या ताटलीतून. ते कुणी सांगितलं नव्हतं तुला.

आता कालची गोष्ट. मुकेश आला. म्हणाला, "महाराजांनी इथलं काम थांबवायला सांगितलंय. घराचा कागद तुमच्या नावाने करून देणार आहेत." मी फुंकणी हातात घेऊन चुलीकडे तोंड केलं, त्याला माझे डोळे दिसू नयेत म्हणून. तेवढ्यात तो पुढे बोलला, "जन्मस्थान शेतात आहे असं महाराज म्हणाले. कुठला बांध ते तुम्ही दाखवा. तिथं छत्री उभारू, रस्ता काढू, लाद्या आहेतच."

फुंकणी त्याच्या डोक्यात घालणार होते. त्याऐवजी म्हणाले, "मला नाय आठवत. आठ वरसाची व्हते मी, आन पाऊस व्हता."

धडधडीत खोटं बोलले. पुन्हा बोलेन. बुधीला विचारायला गेला तर ती म्हणाली, "मला दिसत नाय बाबा, आमी आंधली मानसं." आणि तो गेल्यावर हसून हसून खोकली. तुझी खडाव तिने चिखलातून काढलीय. मुकेश पादुका म्हणून मागत होता. ती तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायला लावली आहे, तिथून ती हलणार नाही.

तुला राग येईल म्हणून कारण सांगते. तो बांध आम्ही दर वर्षी फोडतो आणि दर वर्षी ओल्या मातीने नवा लिंपतो. त्यावर आम्ही भाकरी खातो, भांडतो, पोरं निजवतो. त्यावर छत्री आली की तो एकटा पवित्र होईल आणि शेजारचा बांध नुसता बांध राहील. मग आम्ही बसायचं कुठं? बुधीला पुन्हा फोटोतून कोण उठवील, ते मला आत्ताच दिसतंय.

जागा फक्त तिघांना माहीत आहे. मला, बुधीला आणि आता तुला. बुधीचं नाव मात्र लपवायचं नाही. ते मी लपवलं, आईने लपवलं, तेवढं पाप पुरे झालं. पुढच्या वेळी मांडवात बसशील तेव्हा माईकवर सांग, माझा जन्म झाला तेव्हा कातकरीवाडीच्या बुधीने नाळ कापली आणि चार दिवस तिच्या दुधावर जगलो. जे उठून जातील त्यांना जाऊ दे. नाव चार हजार माणसांना सांग. बांध एकालाही सांगू नकोस.

तोंडी वचन मला चालणार नाही, तू पुष्कळ वचनं देतोस. माझ्यासारखी आण घ्यावी लागेल. घरात पाऊल टाकणं तुमच्या नियमात बसत नसेल तर अंगणात उभा राहा, भर पावसात आलास तरी चालेल. मी निखारे बाहेर घेऊन येईन. ते न विझवता कसे आणायचे हे मला आठव्या वर्षापासून येतं.

तुझी बाय,
बाईजा